लाकडाचा लेथ आणि लोखंडाची मापे

प्रश्न : पेडणे तालुक्यातील एका वाचकांनी सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यांची नोकरीची सगळी वर्षे एका कारखान्याच्या मशीनशॉपमध्ये, लोखंडाच्या लेथवर (लोखंड फिरवून कातण्याच्या यंत्रावर) गेली. निवृत्तीनंतर घरामागच्या पडवीत लाकूड कातण्याचे काम सुरू करावे, असे त्यांनी ठरवले आहे. लाटणी-पोळपाट, नातवंडांसाठी सावंतवाडीसारखी लाखेची खेळणी, परसातल्या पडलेल्या फणसाची वाडगी आणि जमले तर घरातल्या जुन्या पाळण्याचे मोडलेले कातीव गज अशी त्यांची यादी आहे. मडगावच्या एका दुकानात त्यांनी नवा लेथ पाहिला. त्याचा बेड (खालचा आडवा पाया) बिडाचा, स्विंग (मावणारा सर्वांत मोठा व्यास) १२ इंच, दोन सेंटरमधले (लाकूड धरणाऱ्या दोन टोकांमधले) अंतर १८ इंच, मोटर १ एचपी, वेग मिनिटाला २५० ते ३८५० फेऱ्या आणि किंमत ६८ हजार रुपये आहे. स्वतःचे डायल गेज (बारीक फरक मोजणारे घड्याळी माप) लावून पाहिल्यावर स्पिंडलच्या, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दांड्याच्या, नाकावर ०.०४ मिलिमीटर रनआउट (फिरतानाची डगमग) निघाले आणि टेलस्टॉकचे (मागच्या सरकत्या आधाराचे) टोक हेडस्टॉकच्या (मोटरकडच्या डोक्याच्या) टोकापासून ०.३ मिलिमीटर बाजूला आढळले. "आमच्या खात्यात असा माल मी फाटकातूनच परत पाठवला असता," असे ते लिहितात. दुसरा लेथ इंटरनेटवरचा आहे. त्याची लांबी १ मीटर, मोटर '१२०० वॉट', वेग ८१० ते २४८० फेऱ्या आणि किंमत २७ हजार. तो प्रत्यक्ष पाहता येणार नाही. तिसरी सूचना त्यांच्या एका मेस्त (सुतार) मित्राची आहे : बेळगावहून लोखंडाचा जुना लेथ आणावा आणि त्याच्यावरच लाकूड कातावे. मुलगा म्हणतो, घ्यायचाच तर सर्वांत लांब घ्या, पुन्हा खर्च नको. पत्नी विचारतात, एवढा पैसा घालून हे यंत्र वर्षातले किती दिवस चालणार? यातला कोणता मार्ग बरोबर आणि नवा लेथ दुकानात तपासावा कसा, असे दोन प्रश्न वाचकांनी विचारले आहेत.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

नवे यंत्र घ्यायला डायल गेज खिशात घालून जाणारे गिऱ्हाईक विरळाच. नवे आहे म्हणजे ठीकच असणार, असे समजून बहुतेक लोक रंग पाहतात, बटण दाबतात आणि पैसे मोजतात. तुम्ही तसे केले नाही, याबद्दल आधी अभिनंदन. तुमची मापे अचूक आहेत, याविषयी मला शंका नाही. शंका आहे ती एवढीच, की मडगावच्या लेथला तुम्ही ज्या कसोटीवर नापास केले ती कसोटी त्याची नव्हे, तुमच्या जुन्या खात्यातल्या यंत्राची आहे.

लोखंडाच्या लेथवर हत्यार टूलपोस्टमध्ये, म्हणजे यंत्राच्याच पकडीत, आवळलेले असते आणि ती पकड वाहणारे कॅरेज बेडवरून सरकते. म्हणून बेडची, स्पिंडलची, टेलस्टॉकची प्रत्येक चूक जशीच्या तशी जॉबवर, म्हणजे कातायच्या वस्तूवर, उतरते. लाकडाच्या लेथवर हत्यार तुमच्या हातात असते. यंत्र लाकूड फक्त फिरवते; व्यास किती ठेवायचा, कुठे थांबायचे, कुठे गोलाई द्यायची हे सगळे मनगट ठरवते. शिवाय लाकूड स्वतः स्वस्थ बसत नाही. ओल्या फणसाचे २५ सेंटिमीटरचे वाडगे पावसाळ्यात कितीही गोल कातले, तरी ते सुकताना वार्षिक वलयांच्या दिशेने जितके आकसते तितके त्रिज्येच्या दिशेने आकसत नाही. फेब्रुवारीत ते हातात घ्याल तेव्हा दोन व्यासांत काही मिलिमीटरांचा फरक पडलेला असेल. अशा मालाच्या यंत्रात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब मांडणे म्हणजे कष्ट भलत्या ठिकाणी घालणे होय.

तरीही तुम्ही काढलेल्या दोन्ही आकड्यांकडे नीट पाहू. रनआउट ०.०४ मिलिमीटर आहे. लाकूडकामासाठी ०.०५ पर्यंत मला काही खटकत नाही; मात्र हे माप कुठे घेतले ते महत्त्वाचे. कारखान्यातून निघताना स्पिंडलला जाड ग्रीस फासलेले असते. ते पुसल्याशिवाय आट्यांच्या मागच्या खांद्यावर गेज टेकवले, तर ग्रीसच मोजले जाते. रॉकेलच्या बोळ्याने नाक स्वच्छ करून, चक (लाकूड जबड्यांत पकडणारा भाग) जिथे येऊन टेकतो त्या खांद्यावर आणि आतल्या टेपरमध्ये (निमुळत्या भोकात), अशा दोन्ही ठिकाणी पुन्हा पाहावे. त्याहून महत्त्वाची परीक्षा गेजशिवाय होते. पट्टा सैल करून स्पिंडल हाताने सावकाश फिरवावे आणि बेअरिंगमध्ये कुठे खरखर किंवा अडखळ लागते का, ते बोटांना विचारावे. मग स्पिंडल धरून पुढे-मागे ओढावे. तिथे हलके 'टक्' ऐकू आले, तर ते यंत्र मी घेणार नाही, मग रनआउट शून्य असले तरी.

टेलस्टॉकच्या ०.३ मिलिमीटरमुळे तुम्ही यंत्र नाकारलेत, असे पत्रावरून दिसते. पण दोन सेंटरमध्ये धरलेले लाकूड त्या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेभोवती फिरते. ती रेषा बेडशी किंचित तिरपी असली तरी लाटणे गोलच होते. हत्यार कॅरेजवर असते तर लाटणे निमुळते झाले असते, इथे हत्यार तुमच्या हातात आहे. हा दोष दोनच प्रसंगी जाणवतो. टेलस्टॉकमध्ये ड्रिल चक लावून भोक पाडताना भोक मोठे आणि वाकडे येते. आणि एक टोक चकमध्ये आवळून दुसऱ्या टोकाला सेंटरचा आधार दिला की लाकूड दर फेरीला वाकवले जाते. भोवरा किंवा लाखेचे डबे करणार असाल, तर याचा विचार हवा.

आता हा दोष खरोखर यंत्राचा आहे का, तेही पाहावे लागेल. लहान लेथमध्ये टेलस्टॉकची जीभ बेडच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत बसते आणि तिथे थोडा खेळ असतो. टेलस्टॉक एकदा आपल्याकडे ओढून आवळावा आणि मोजावे, मग पलीकडे दाबून आवळावा आणि पुन्हा मोजावे. तुमच्या ०.३ पैकी बराचसा भाग या खेळातच सापडेल, असा माझा अंदाज आहे. उरलेला भाग आडवा असेल, तर बहुतेक यंत्रांत हेडस्टॉकचे बोल्ट सैल करून तो काढता येतो, आणि हे काम दुकानदाराने तुमच्यासमोर करून द्यावे, असे म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. फरक उंचीचा असेल तर मात्र काम किचकट. ज्या वाचकांकडे डायल गेज नाही, त्यांनी सहा इंची पातळ स्टीलची पट्टी न्यावी. दोन्ही टोके जवळजवळ भिडवून त्यांच्यात पट्टी अलगद चिमटीत धरल्यासारखी पकडावी. टोके समोरासमोर असतील तर पट्टी सरळ उभी राहते. नसतील तर ती ज्या बाजूला कलते, त्यावरून चूक कोणत्या दिशेला आहे ते कळते. क्विल (टेलस्टॉकमधून पुढे सरकणारी नळी) पूर्ण आत असताना आणि पूर्ण बाहेर असताना, अशी ही परीक्षा दोनदा घ्यावी.

जे तुम्ही मोजले नाही, तिकडे आता वळतो. कारण लाकडाच्या लेथची खरी लायकी तिथे कळते.

पहिली गोष्ट सर्वांत कमी वेगाची. जाहिरातींत कमाल वेग ठळक छापतात, पण तुमच्या यादीतल्या कामांसाठी ३८५० फेऱ्यांची गरज तुम्हाला क्वचितच पडेल. परसातल्या फणसाचा ठोकळा कुऱ्हाडीने वा करवतीने ओबडधोबड गोल केलेला असतो; एका बाजूला गाभा, एका बाजूला साल, कुठे गाठ. समजा तो ३ किलोचा आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षापासून फक्त ५ मिलिमीटर बाजूला आहे. मिनिटाला ४०० फेऱ्यांना तो यंत्राला सुमारे अडीच-पावणेतीन किलोच्या जोराने ओढतो. वेग दुप्पट, म्हणजे ८०० केला की हा जोर दुप्पट न होता चौपट होतो, म्हणजे साडेदहा किलोच्या वर जातो, आणि तोही दर सेकंदाला तेरा वेळा दिशा बदलत. इंटरनेटवरच्या लेथचा सर्वांत कमी वेगच ८१० आहे. त्याच्यावर तुमचा फणस पहिल्याच मिनिटात पडवीभर नाचेल. ठोकळा एकदा गोल झाला की ८१० हा वेग वावगा नाही. वाडगी-पोळपाटासारख्या रुंद कामासाठी कातकाम करणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो : इंचातला व्यास गुणिले फेऱ्या, हे उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान असावे. नऊ इंची पोळपाटाला त्यानुसार साधारण ६७० ते १००० फेऱ्या येतात. पण हा हिशेब समतोल झालेल्या लाकडाचा आहे. गोल होण्यापूर्वीच्या दहा मिनिटांसाठी ३०० ते ४०० फेऱ्या हव्यात, आणि त्या ज्या यंत्रावर मिळत नाहीत, त्याच्यावर वाडगी कातू नयेत.

मडगावच्या यंत्रावर २५० लिहिले आहे, म्हणून लगेच समाधान मानू नये. २५० ते ३८५० हा सगळा पल्ला एकाच पुलीवर मिळत नाही. आत दोन किंवा तीन पायऱ्यांच्या पुल्या असतात आणि प्रत्येक पायरीवर बटणाने वेग कमी-जास्त होतो. नुसत्या बटणाने वेग निम्मा केला की मोटरची उपलब्ध ताकदही साधारण निम्म्यावर येते. पट्टा खालच्या पायरीवर घेतला तर तीच ताकद मोठ्या जोराने स्पिंडलपर्यंत पोचते. म्हणून दुकानात पट्टा बदलून दाखवायला सांगावे. झाकण उघडायला स्क्रू-ड्रायव्हर शोधावा लागतो की नुसती मूठ फिरवून काम होते, हे पाहावे. जे काम कटकटीचे असते ते माणूस टाळतो, आणि मग वरच्याच पायरीवर, बटण अगदी खाली ठेवून, मोटर तापवत बसतो.

दुसरी गोष्ट टूल रेस्टची, म्हणजे कातताना हत्यार ज्यावर टेकवतात त्या आडव्या पट्टीची. तुमच्या अनुभवाला ही सर्वांत परकी आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबतो. टूल रेस्टचा पाया, म्हणजे दुकानदार ज्याला बँजो म्हणतात तो, बेडवर कुठेही सरकवून एका मुठीने आवळायचा असतो. एक वाडगे होईपर्यंत हा पाया किती वेळा हलवावा लागतो, याची मोजदाद कोणी करत नाही. दर दोन-चार मिनिटांनी हात तिथे जातोच. तो पाया अडखळत सरकत असेल, आवळल्यावरही वळत असेल किंवा आवळायला पान्हा शोधावा लागत असेल, तर तुमचा अर्धा उत्साह तिथेच संपेल. तपासण्याची रीत अशी : पाया बेडच्या कडेपर्यंत आपल्याकडे ओढून आवळावा, रेस्ट वर चढवून आवळावी आणि रेस्टच्या एका टोकावर तळहाताने अंगाचा भार टाकावा. रेस्ट दबली किंवा फिरली, तर गौज (खोलगट पात्याचे कातण्याचे हत्यार) लाकडात अडकेल त्या क्षणी ती खालीच जाईल, आणि हत्यार लाकूड व रेस्ट यांच्या मध्ये सापडेल. हातावर येणारे बरेचसे अपघात असेच होतात. रेस्टच्या वरच्या कडेवर बोट फिरवावे. बिडाच्या मऊ रेस्टवर खाचा पडतात आणि हत्यार त्या खाचांवर ठेचकाळत जाते. नव्या यंत्रावरच कड ओबडधोबड असेल तर मोठ्या कानशीने ती सरळ करता येते, एवढ्यासाठी यंत्र नाकारू नये.

या पायामुळे आणखी एक गोष्ट लपून राहते. १२ इंची स्विंग म्हणजे सेंटरपासून बेडपर्यंत ६ इंच. पण लाटण्यासारखे लांब काम करताना लाकडाखाली पाया येतो आणि तिथे उरलेली जागा बरीच कमी असते. तुमच्या लाटण्यांना आणि गजांना ती भरपूर आहे. कोणाला देवघराचे जाड खांब कातायचे असतील, तर त्यांनी पायाच्या वरची उंची फूटपट्टीने स्वतः मोजावी. ती माहितीपत्रकात सहसा सापडत नाही.

यंत्राची थरथर तपासायला आकड्यांची गरज नाही. लेथ चालू करून पाच रुपयांचे नाणे हेडस्टॉकवर कडेवर उभे करावे आणि वेग हळूहळू वाढवत न्यावा. ते सगळ्या वेगांना उभे राहील अशी अपेक्षा नाही; पण कोणत्या वेगाला पडते ते कळले की कोणता वेग टाळायचा तेही कळते. पत्रा वाकवून केलेल्या बेडचे यंत्र इथेच उघडे पडते. बीड थरथर गिळते, पत्रा घुमटासारखा घुमतो. मात्र दुकानात लेथ लटपट्या टेबलावर ठेवलेला असेल, तर दोष टेबलाचा असू शकतो, तेव्हा जमिनीवर ठेवून पाहण्याचा आग्रह धरावा.

तिसरी गोष्ट स्विचची. आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज ज्या पद्धतीने जाते-येते, ते पाहता मी हिला फार मानतो. यंत्र चालू असताना भिंतीवरचे बटण बंद करावे, स्पिंडल थांबू द्यावे आणि मग भिंतीवरचे बटण पुन्हा लावावे. लेथ आपोआप फिरू लागला तर तो स्विच धोक्याचा आहे. कल्पना करा, जुलैतली दुपार, वीज गेली, तुम्ही वाडग्यावर हात ठेवून अंधारात पाहता आहात, आणि वीज येते. नो-व्होल्ट स्विच असलेले यंत्र हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय सुरू होत नाही. चांगले यंत्र असूनही ही सोय नसेल, तर चांगला इलेक्ट्रिशियन ती थोडक्या खर्चात बसवून देतो. पण नाही हे आधी माहीत हवे. १ एचपीची मोटर भार घेतल्यावर साधारण ५ ते ६ अँपिअर ओढते, सुरू होताना त्याहून जास्त. म्हणून पडवीत १६ अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) घालून घ्यावा. घरच्या इन्व्हर्टरवर लेथ चालवण्याचा विचारही करू नये.

'१२०० वॉट' या आकड्यावर फार वेळ घालवत नाही. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट. १२०० वॉट मोटर आत घेते की बाहेर देते, ते पेटीवर लिहिलेले नसते. मोटरच्या पाटीवर एस-१ लिहिले असेल तर ती सतत चालवण्यासाठी आहे, एस-२ आणि पुढे मिनिटे लिहिलेली असतील तर तेवढी मिनिटे चालवून थंड करण्यासाठी आहे. पाटीचा फोटो न पाठवणाऱ्या विक्रेत्याकडून मोटर घेऊ नये, एवढे पुरे.

स्पिंडलच्या नाकावरचे आटे आणि आतला टेपर यांच्याकडे तुमचे लक्ष गेले असेलच, पण पत्रात उल्लेख नाही, म्हणून लिहितो. १ इंच व्यासावर इंचाला ८ आटे आणि एम-३३ गुणिले ३.५ (३३ मिलिमीटर व्यास, आट्यांमधले अंतर ३.५ मिलिमीटर) ही दोन मापे जगभर चालतात, आणि त्यांना बसणारे चार जबड्यांचे चक सहज मिळतात. कुठलेसे वेगळेच माप असेल तर चक बदलणे, फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवायची चकती) बदलणे, सगळेच अडून बसते. टेपर मोर्स नंबर २ असावा, आणि स्पिंडल आरपार पोकळ असावे, म्हणजे सेंटर मागून सळईने ठोकून काढता येते.

मुलाचा युक्तिवाद आता घेऊ. लांब यंत्रात लहान काम होते, लहान यंत्रात लांब काम होत नाही, हे खरेच आहे. पण तुमच्या यादीत १८ इंचांपेक्षा लांब अशी एकच वस्तू असू शकते, ती म्हणजे पाळण्याचे गज. त्यांतला मोडलेला एक काढून आधी मोजावा. तो १५-१६ इंचांत बसला तर प्रश्नच मिटला. तो दोन फुटांचा निघाला, तरी नुसत्या लांब बेडने काम भागणार नाही. एवढा बारीक आणि लांब गज मध्यात धनुष्यासारखा वाकून थरथरतो आणि त्याला स्टेडी रेस्टचा आधार द्यावा लागतो. काही लेथना बेडचा वाढीव तुकडा नंतर जोडता येतो. मडगावच्या यंत्राला तो मिळतो का आणि केवढ्याला, हे विचारून पावतीच्या मागे लिहून घ्यावे. चार गजांसाठी इंटरनेटवरचा लांब लेथ घेऊन सगळ्या वाडग्यांना मुकणे मला पटत नाही. फार तर ते गज कुंकळ्ळीच्या एखाद्या चितारी कारागिराकडून करून घ्यावेत. पाळणे आणि चौरंग हे त्यांचे पिढीजात काम आहे.

मेस्त मित्रांच्या सल्ल्यामागचा हेतू मला कळतो, कारण लोखंडाचा लेथ तुम्ही डोळे मिटून चालवाल. पण तेच मला नको वाटते. अशा बऱ्याच जुन्या यंत्रांचा कमाल वेग हजार-बाराशेच्या आसपास असतो. दीड इंची लाटणे त्या वेगाला स्वच्छ कातले जात नाही, रेषा उठतात. कॅरेज आणि क्रॉस-स्लाइड सतत आड येतात, हातातले हत्यार टेकवायला जागा सापडत नाही. आणि तेल लावलेल्या मार्गांवर लाकडाचा भुसा बसला की त्याचा लगदा होतो, ओलावा धरतो आणि बेड गंजतो. मजबुतीत मात्र त्याची बरोबरी कोणी करणार नाही, हे मान्य.

तुमच्या पत्नींचा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही, आणि माझ्या मते पत्रातला सर्वांत व्यवहारी प्रश्न तोच आहे. ६८ हजार हा खर्चाचा शेवट नाही. चांगला चक, हाय-स्पीड स्टीलचे तीन-चार गौज आणि स्क्यू (तिरप्या धारेचे हत्यार), त्यांना धार लावायला बेंच ग्राइंडर, तोंडावर संपूर्ण झाकण येईल अशी पारदर्शक ढाल आणि धुळीचा मास्क, या सगळ्यासाठी यंत्राच्या किमतीच्या निम्म्याइतकी रक्कम बाजूला ठेवावी. तेवढी तयारी नसेल तर यंत्र घेणे पुढे ढकलावे. बोथट हत्याराने साठ हजारांच्या लेथवर जे होते, ते धारदार हत्याराने पंचवीस हजारांच्या लेथवर जे होते त्याहून वाईट असते. मास्क ही चैन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ सालीच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. शिसवाच्या धुळीने तर अनेकांच्या अंगावर पुरळ उठते.

म्हणून दुकानात पुन्हा जाण्यापूर्वी एक करावे. पेडण्याहून सावंतवाडी दूर नाही. चितार आळीत जाऊन लाखकाम चालू असताना पाहावे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती मऊ होऊन पसरते आणि मग केवड्याच्या पानाने तिला चकाकी देतात. कांडी दाबताना यंत्राचा वेग किती पडतो आणि कारागीर हात कुठे टेकवतो, याकडे लक्ष द्यावे. तुमच्यासारख्या जाणकाराला तेवढ्यावरून मोटरचा अंदाज येईल. कोणी परवानगी दिली तर एखादे लाटणे स्वतः कातून पाहावे. लोखंडाच्या लेथवरचा माणूस पहिल्यांदा हातात गौज धरतो तेव्हा त्याला एक तर हे काम फार आवडते, नाही तर अजिबात आवडत नाही, असे मी पाहिले आहे. नावड निघाली तर घरातले पैसे वाचतील आणि पत्नींच्या प्रश्नाचे उत्तरही मिळेल.

आवडले, तर माझा कौल मडगावच्या लेथला आहे, मात्र आंधळेपणाने नव्हे. दुकानदाराला आधी फोन करून सांगावे की लाकूड लावून चालवून पाहणार आहे. सोबत दीड इंच चौरस, फूटभर लांबीचा सुका सागवानी तुकडा आणि फणसाचा एक ओबडधोबड ठोकळा न्यावा. ठोकळ्याला भोके पाडून फेसप्लेटचे स्क्रू आधीच जमवून ठेवावेत. सागवानी तुकडा १५००-२००० फेऱ्यांना चालवावा, ठोकळा ३०० ने सुरू करून. ठोकळा लावल्यावर पहिले बटण दाबताना त्याच्या फिरण्याच्या रेषेत उभे राहू नये, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगावे. गौजचा जरा खोल घाव घेतला की मोटर दमते का, टेलस्टॉक मागे सरकतो का, रेस्ट हलते का, हे त्या पाच मिनिटांत कळेल. मोटर किती दणकट आहे हे दाखवायला स्पिंडल हाताने धरून थांबवण्याचा खेळ काही विक्रेते करतात. तो त्यांनाही करू देऊ नये. गळ्यात साखळी, हातात मोजा, सैल बाही यांतले काहीच नको, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो.

दुकानदार लाकूड लावू देत नसेल, तर निदान रिकामे यंत्र अर्धा तास सलग चालवायला सांगावे आणि शेवटी हेडस्टॉकवर, बेअरिंगच्या जागी, हात ठेवून पाहावे. कोमट लागले तर ठीक. हात ठेववत नसेल तर पट्टा फार ताणलेला आहे किंवा बेअरिंग चुकीचे आवळले आहे. आणि तो यंत्र सुरूच करून दाखवायला तयार नसेल, तर ६८ हजार त्याच्याकडे देऊ नयेत. इंटरनेटवरच्या यंत्राबद्दलही माझे म्हणणे याच कारणाने नकाराचे आहे; ज्यांना फक्त लाटणी, भोवरे आणि खेळणी करायची आहेत, वाडगी कधीच नकोत, अशांना ८१० फेऱ्यांचा तो लेथ चालून जाईल, पण तो परत करण्याची मुदत किती आणि परत पाठवण्याचे भाडे कोणाचे, हे त्यांनी आधी लेखी घ्यावे.

खरेदी झाल्यावर पावतीवर यंत्राचा क्रमांक, मोटरचा क्रमांक आणि हमीची मुदत उतरवून घ्यावी. वेग नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग हमीत येतो का, हे वेगळे विचारावे, कारण आपल्या दमट हवेत आधी बिघडतो तो तोच. पडवी पश्चिमेकडे उघडी असेल तर जूनपूर्वी तिथे ताडपत्री लावावी. काम संपले की भुसा त्याच संध्याकाळी झटकून बेडवर पातळ तेलाचा हात फिरवावा किंवा मेण घासावे. ओल्या फणसाचा भुसा बेडवर एक रात्र राहिला, तर सकाळी त्याच्याखाली तांबडे ठसे दिसतील.